न वाचलेलं कलम

उस्ताद, आपल्या संघटनेची स्मरणिका निघतेय. तिच्यासाठी इतिहास लिहायला त्यांनी मला सांगितलं, कारण सुरुवातीपासूनचा आता मी एकटाच उरलोय. आठ दिवस रोज कागद काढला. दार लागलंय का ते दोनदा बघायचो, चष्मा पुसायचो आणि तुमच्यापाशी येऊन अडायचो.

दुष्काळाच्या त्या साली ऊसच नव्हता, सहकारी कारखान्याचं गाळप बंद पडलं. त्याआधी साखर शिजते त्या पॅनवर तुम्ही आम्हाला काम शिकवायचात. नवा माणूस पाक काचेवर घेऊन दाणा बघायला लागला की म्हणायचात, "डोळे मीट बे. चिमटीत धर अन् सांग." माझं चुकलं तेव्हा चार लोकांत म्हणालात, "ह्याच्या बोटात निस्ती भीती हाय, दाना न्हाई." खोटं नव्हतं ते. कारखाना थंड पडल्यावर तुम्ही आसपासच्या कारखान्यांतले काम शिकवणारे गोळा केलेत. "मशीन बसलंय, आपुन का म्हून बसायचं?" सिरसाळ्याच्या रिकाम्या आडतीत, पोती अंथरून संघटना झाली. तुम्ही अध्यक्ष. अक्षर बरं म्हणून मी लिहिणारा.

महिन्याभरानं संघटनेचे नवे चिटणीस घटनेचा मसुदा घेऊन येतात. तुम्हाला सही येते, वाचता येत नाही. "वाच मोठ्यानं," तुम्ही म्हणता. मी वाचत जातो. चौथं कलम येतं: सभासद किमान दहावी पास असावा. मी सातवी. सगळ्यांना दहावी सांगून बसलेलो, खरं फक्त तुम्हाला ठाऊक. हे वाचलं तर तुम्ही भांडणार, आणि भांडता भांडता माझ्याकडे बोट करून म्हणणार, "ह्यो तरी कुटं शिकलाय?" मी तिसऱ्यावरून पाचव्यावर जातो. चिटणीस माझ्याकडे बघतात आणि सहीसाठी पेन पुढे करतात.

"झालं?"

"झालं, उस्ताद."

"लई झाक वाचतूस रं," म्हणून तुम्ही सही करता.

पुढच्या सभेत त्याच कलमानं तुमचं नाव कमी झालं. कुणीतरी तुमच्यापुढे घटनेचा सही केलेला कागद धरला. तुम्ही म्हणालात, "सही तर माजीच हाय की." मग चपला घातल्या आणि धारूरच्या गाडीला निघून गेलात. मला काही विचारलं नाहीत. मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, तारखेसकट. तुम्ही वारलात तेव्हा संघटनेनं हार पाठवला, तो मीच आणला होता. तेव्हाही कुणी काही विचारलं नाही.

काल इतिहास देऊन आलो. लिहिलंय, संस्थापक अध्यक्ष प्रकृतीच्या कारणानं बाजूला झाले. लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन जेवलो, झोपही लागली.

हे पत्र स्मरणिकेला द्यायचं नाही, घरातही कुणाला दाखवायचं नाही. पण एक राहिलं. तुम्ही आडतीतून उठून गेलात तेव्हा मला वाईट वाटलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. वाटलं नव्हतं, उस्ताद. माझी सातवी ठाऊक असलेला माणूस गेला, म्हणून मला मोकळं वाटलं होतं.