देवीच्या स्नानाची झारी

बोईसर, १० फेब्रुवारी १९६५
यांनी आज पिशवीतून तांब्याची जुनी झारी काढली. तारापूरच्या रस्त्याच्या खोदकामात निघाली म्हणे — तिथे हे मुकादम. सदऱ्यावर रक्त. यांचं नव्हे, बुधाचं! आमची भांडी घासते त्या बायडीचा नवरा. झारी घेऊन निघाला, म्हणून यांनी फावड्याच्या दांड्यानं झोडपला. डोक्यातसुद्धा. सांगताना सुपारी कातरत होते.

११ फेब्रुवारी
चिंचेनं झारी घासली. पोटावर अक्षरं निघाली — 'श्रीदेवीच्या स्नानासाठी राजाकडून अर्पण.' यांना वाचून दाखवलं. हसले. म्हणाले, तो राजा मेला, आता राजे खंडेराव! बुधा कसा आहे विचारलं, तर जेवणाचं ताट भिरकावलं. भिंतीवर आमटीचे ओघळ अजून आहेत. पुसणार नाही मी.

१३ फेब्रुवारी
बुधा गेला. दरड अंगावर आली, असं यांनी सगळ्या मजुरांकडून वदवून घेतलंय.

१४ फेब्रुवारी
बायडी दारात आली. रडत नव्हती. झारी मागितली. म्हणाली, "त्यानं चोरली नाय, बाई. डोंगरच्या आईची हाय. आईला द्यायला नेत व्हता."

मी झारी तिच्या हातात दिली — तेवढ्यात हे आले. केसांना धरून तिला पायऱ्यांवरून खाली फेकली. पोटुशी बाई! मी मधे पडले, तर तीच झारी माझ्या तोंडावर हाणली. दोन दात गेले. भीती वाटत नाही. संताप येतो.

१५ फेब्रुवारी
तोंड सुजलंय. पेज गिळली.

१७ फेब्रुवारी
बायडीचं मूल पोटातच गेलं. शेजारची तानी सांगून गेली. यांना सांगितलं, तर झारी पुढे केली — पाणी भर. हल्ली पाणी झारीतूनच लागतं, आल्यागेल्याला दाखवून पितात.

१९ फेब्रुवारी
तांब्यात ताक मुरलं की कळकतं, विष होतं. आमच्याकडे परकरी पोरींनाही ठाऊक. खंडेरावाला नाही — तो चुलीपाशी कधी फिरकलाच नाही. परवा म्हणाला, ताकही झारीतच ठेवत जा. ठेवलं. काल सगळं प्याला. सकाळपासून ओकतोय. आता हिरवट. वैद्याला बोलाव, म्हणतो.

एवढं लिहून होऊ दे.