कापलेलं शेवटचं रीळ

आई, तो ऑर्गनवाला पोचला की नाही, ते काल कळलं. तू असतीस तर लगेच फोन लावला असता. नाहीस, म्हणून हे लिहितोय. आणि लिहिताना आत काही हलत नाहीये, हेही आधीच सांगून टाकतो.

काल शुक्रवार, इथे आखातात सुट्टी. एरवी कंपनीची बस अंधारातच रास लफानच्या गॅस प्लांटवर नेते, म्हणून सुट्टीला मी जेवून आडवा होतो तो चहापर्यंत. तुझ्या नातीला शाळेत साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांवर काहीतरी सादर करायचंय. तिने टीव्हीवर एक जुना काळा-पांढरा पिक्चर लावला. विलायतेतला बँड, चार पोरं, डोक्यावर पातेलं ठेवून कापल्यासारखे केस, आणि मागे किंचाळत धावणाऱ्या मुली. बँडवाल्यांनी स्वतःच काम केलेले असले पिक्चर तेव्हा बरेच निघाले म्हणे, पण हा मी पाच मिनिटांत ओळखला. पाहिलेला नव्हता, तुझ्याकडून ऐकलेला होता.

कॉलेजात असताना तू मैत्रिणीबरोबर पुण्याच्या कॅम्पात सकाळच्या खेळाला गेली होतीस, घरी प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगून. त्या चौघांचा फोटो तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास, तर आजी म्हणाली, "ही पोरं की पोरी?" पोळ्या लाटताना तू तो पिक्चर मला इतक्यांदा सांगितलास की मला तो वरण-भाताइतका पाठ. मध्येच लाटणं पोळपाटावर बडवून ड्रम वाजवायचीस, पीठ ओटाभर. गोष्ट मात्र नेहमी एकाच जागी अडायची. त्यांची गाडी समुद्रकाठच्या गावात थांबते, ऑर्गनवाला पाय भिजवायला उतरतो, गाडी त्याला न घेताच निघते. संध्याकाळी लंडनला मोठा कार्यक्रम. पुढे काय? पुढे काही नाही. बाराचा हिंदी पिक्चर वेळेवर लावायचा म्हणून थिएटरवाले सकाळच्या इंग्रजी खेळाचं शेवटचं रीळ सरळ गाळायचे. "मेल्यांनी दिवे लावले नि म्हणे, चला बाहेर," असं तू दर वेळी त्याच रागाने सांगायचीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलात, तर पिक्चर बदललेला.

एकदा मी म्हणालो, टॅक्सी करून पोचला असेल, शेवटी सगळे नाचले असतील. तुझं लाटणं थांबलं. "मनचं सांगू नकोस. पाहिलं नाही, ते पाहिलं नाही." आवाज चढला नव्हता, तरी माझे कान तापले. मार्क कमी पडल्यावरसुद्धा तू मला अशी बोलली नव्हतीस.

मग मी इथे आलो. तेव्हा नजमा नावाच्या वस्तीत एका खोलीत आम्ही सगळे बॅचलर, बाजेखाली बॅगा, खाली कॅफेटेरिया आणि बाहेर फोनला रांग. तुझं दुखणं कळलं होतं, पण रजा मिळायची होती. साहेब रोज इन्शाल्ला म्हणायचा. शेवटच्या फोनवर तू दुखण्याचं काहीच बोलली नाहीस. म्हणालीस, "काय रे, तो ऑर्गनवाला पोचला असेल का? तिकडे मिळतात म्हणे सगळ्या कॅसेटी." मी म्हणालो, शोधतो आणि सांगतो. मागून रांगेतला कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता, मी फोन ठेवला. रजा मिळून घरी आलो तोवर सगळं आटोपलं होतं. दारात चपलांचा ढीग होता. मी रडेन म्हणून मावशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी पाणी प्यायलो आणि तांब्या परत दिला.

तर ऐक. तो पोचतो, पण उशिरा. तिघं त्याच्याशिवाय कार्यक्रम करतात, पोरी किंचाळतात, त्याची जागा रिकामी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तो येतो तेव्हा हॉल मोकळा झालेला, झाडूवाल्या बायका खुर्च्यांखालचे कागद काढताहेत. तो गुपचूप ऑर्गनशी बसतो आणि वाजवायला लागतो. त्या बायका झाडू टेकून ऐकतात. संपलं.

"दॅट्स इट? ही मिस्ड द होल थिंग?" लेक म्हणाली.

"हो. हुकलं त्याचं."

"आजीला ठाऊक होतं?" एवढं मात्र ती मराठीत म्हणाली, का कोण जाणे. मी नाही म्हणालो, रिळाचं सांगितलं. तिने खांदे उडवले. "शी वुड हॅव लाइक्ड द स्वीपर लेडीज."

आवडल्या असत्या. तू त्यांच्यासारखं कमरेवर हात ठेवून दाखवलं असतंस. मला वाटलं, आता तरी डोळे भरतील. बायकोने चहा आणला, तो घेतला. तू गेलीस त्या वयाचा आता मीच झालोय आणि अजून तसाच कोरडा आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा इथेच राहील. एक मात्र कबूल करतो. हा पिक्चर गेली कित्येक वर्षं फोनवर बोट लावलं की मिळत होता. मी शोधला नाही. विसरलो म्हणून नव्हे. तुझा एक प्रश्न माझ्याकडे बाकी होता, म्हणजे आपलं बोलणं संपलेलं नव्हतं. काल ते संपलं.