घोस्ट केल्याबद्दल शालिग्रामास

कारंजा लाड, भाद्रपद वद्य अष्टमी

रिठदनिवासी मित्रवर्य शालिग्राम यांस,

कारंज्याहून हुकूमचंदचा जय जिनेंद्र, आणि तुझ्या सोयीसाठी राम राम. आम्ही सगळे सुखरूप आहोत (गुडघा सोडून). तुझं पोट, बैलजोडी आणि स्वभाव यांची खुशाली कळव.

पत्रास कारण की, तू मला घोस्ट केलं आहेस. शब्द माझा नाही, नात जिनलचा. आमचं दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभराच्या चुकांची माफी पूर्वी घरोघरी हिंडून मागायचो. यंदा जिनलनं मोबाईलवर एका बोटात एकशे चाळीस जणांची मागून दिली. सगळ्यांचे जोडलेले हात परत आले (व्याह्यांनी तर दोनदा जोडले). तुझ्याकडून फक्त दोन निळ्या रेघा. फोन केला, तोही उचलला नाहीस. जिनल म्हणाली, "आबा, त्यायनं तुमाले घोस्ट केलं." म्हणजे भांडायचं नाही, कारण सांगायचं नाही, नुसतं गप्प होऊन माणसाच्या आयुष्यातून निघून जायचं. कॉलेजातली पोरं एकमेकांना रोज करतात म्हणे. आपल्या वयात कोणी करत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकानात पंख्याखाली डोळे मिटून बसतो. कापडाचे तागे हळूहळू उलगडतात, पिवळे पडतात, त्यांचं तुझ्या शेतातलं सोयाबीन होतं. वारा नसतो, तरी पानं हलतात. तू बांधावर पाठमोरा. हाक मारतो, वळत नाहीस. माघात गेलेल्या वहिनी मात्र तिथंच चहा गाळत असतात, कुठं गेल्याच नाहीत अशा. मग कोणीतरी अस्तराचं कापड मागतं आणि मी रिठदहून परत येतो.

चाळीस वर्षांच्या दोस्तीत तू असं वागावंस याचा मला राग आला आहे. वाईटही वाटतं, आणि तेच जास्त.

उत्तराकडे डोळे लावून (मधूनमधून मिटून) बसलेला,
हुकूमचंद

ता. क. जिनलनं पत्र वाचलं. विचारते, "पन आबा, पयले कोन गप्प झालं?" या पोरीला जास्त शिकवलं.

आणखी एक ता. क. वहिनी गेल्या तेव्हा मी आलो नाही. गाडी मिळाली नाही असं कळवलं, ते खोटं होतं. वाशीमपर्यंत आलो होतो, रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या एसटीत बसलोही होतो. तुझ्यासमोर काय बोलावं ते सुचेना, म्हणून उतरलो. मग कोणत्या तोंडानं फोन करावा, म्हणून सात महिने केला नाही. ही माफी एकशे चाळिसांतली नाही, एकट्या तुझी आहे. रविवारी येतो. बोलायला अजूनही काही सुचलेलं नाही. तरी दार उघड.