सही केली नाही

दिग्रस, ता. ९ जानेवारी १९५९

ती. सत्यशीलाताईस, उकंडाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सारे खुशाल. तुले हसू येईन, पण मी घरीच घडवलेल्या कॅमेऱ्याच्या डब्यानं फोटो काढला! कापसाच्या जिनातली पाळी सुटली का सागाच्या फळ्या तासाले बसत होतो, असे सहा महिने गेले. डब्याले काळ्या कापडाची बाही हाय, तिच्यात हात घालून फोटो आतच धुवायचा. पंधरा मिनिटांत माणसाच्या हातात. पहिला जयाचा काढला. नाक मोठं आलं म्हणून बायको दोन दिवस रुसली.

आता घोर सांगतो. मी अगोदर ज्या स्टुडिओत होतो, तिथल्या शेठनं डबा पाह्यला. यवतमाळच्या प्रदर्शनात तो आपल्या नावानं ठेवतो म्हणे. तसा कागद लिहून आणला, सही मागून राह्यला. बदल्यात मले कायमची नोकरी. माय म्हणते, कर सही, सावलीतलं काम हाय. तू मास्तरीण, तूच सांग.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा उकंडा

कळंब, ता. १७ जानेवारी १९५९

चि. उकंडास, ताईचे आशीर्वाद व जयभीम.

जयाच्या नाकाच्या बाबतीत मी तिच्या बाजूनं.

शाळेच्या कपाटात एका अमेरिकन माणसाचं चरित्र सापडलं. गेल्या शतकातला फोटोग्राफर, स्वतःचे कॅमेरे स्वतः घडवायचा. घर चालेना म्हणून त्यानं कॅमेऱ्याचा हक्क भागीदाराला लिहून दिला. पुढं तोच कॅमेरा गावोगाव विकला गेला, वर नाव भागीदाराचं. हा दुकानाबाहेर उभा राहून, हा माझा आहे, असं सांगायचा. लोक वेडा म्हणायचे. कोर्टात गेला, तर त्याचीच सही त्याच्यापुढं ठेवली. साठीत त्यानं नवा कॅमेरा बनवला, पण तो लोकांपर्यंत न्यायला आयुष्य उरलं नाही.

आपल्या आज्याला सही येत नव्हती, म्हणून कोणीही त्याचा अंगठा धरून उमटवायचा. तुला येते. ती असल्या कागदाला कायले द्यायची? मायला सांग, काम गेलं तर माझ्या घरी तुमची ताटं आहेत.

पत्राची वाट पाहते.
तुझी ताई

दिग्रस, ता. ११ फेब्रुवारी १९५९

ती. ताईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

सही केली नाही. शेठनं जिनाच्या मॅनेजरचे कान भरले, माही पाळी बंद झाली. माय दोन दिवस बडबडली. तिसऱ्या दिवशी तिनंच भाकरी बांधून देल्ली अन् म्हणाली, जाय यवतमाळले.

यष्टीच्या टपावर डबा बांधून गेलतो. प्रदर्शनाच्या फाटकावरचा बाबू म्हणे, दुकानाच्या पाटीशिवाय आत जागा नाही. मंग मी फाटकाबाहेर निंबाखाली तिपाई रोवली. लालीबाई नावाची तांड्यावरची बाई पहिली बसली. ओलाच फोटो तिनं साऱ्यायले दाखवला, अन् रांग लागली. उठवाले आलेला हवालदारही मिशी सारखी करून बसला.

दुपारी शेठ आला. चार लोकांदेखत म्हणे, हा डबा माह्या दुकानातला. मले भेव वाटलं, खोटं काहून सांगू? पण म्हटलं, तुमचा असन तर चालवून दाखवा. त्यानं बाहीत हात घातला, लय चाचपडला. कागद उजेड लागून काळाकुट्ट निघाला. मी म्हटलं, शेठजी, तुमचाही काढून देतो, पण रांगेत लागा.

तो निघून गेला. त्याच्या जागी लगेच दुसरा माणूस येऊन उभा राह्यला.

उद्या राजूरले चाललो, खाणीतल्या लोकायनं बोलावलं. माय म्हणते, मीबी येतो, मले पाहू दे तू कोणाले भेत नाही ते.

आठवण ठेवत जाय.
तुहा उकंडा