दादाच्या जीपची दोरी

मनाली. मंगळवार, संध्याकाळ.

जीपले तारेऐवजी दोरी लाव म्हटलं की दादा हसतेच. आजही फोनवर तेच, "बापू, दोरीनं बैल बांधतेत, ट्रॅक्टर नाही ओढत." मी इथं रोज बर्फात फसलेल्या गाड्या काढून राहिलो, अन् हा वरूडातून मले शिकवते. त्याच्या जीपच्या विंचले, म्हंजे फसलेली गाडी ओढायच्या मशीनले, अजून लोखंडी तारच आहे. चिखलातून संत्र्याचा ट्रॅक्टर ओढताना तार ड्रमवर नीट बसावी म्हणून हा तिच्यावर पाय देऊन उभा राहते. तो पाय डोळ्यांपुढून जात नाही. आज इथं अशीच तार तुटली, अन् आमच्या गाडीची काच फोडून गेली. सिंथेटिक दोरी तुटली तरी जागीच पडते.

"गोट्यावर घासून जाईन ना," दादा म्हणे. घासते, खरं आहे. पण दोरी गेली त दुसरी घेता येते. पाय?

मंग वहिनीले सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी दोरीचे पैसे पाठवा. तार मी भंगारात देतो."

विंचच्या तोंडावरचे तारेनं खरवडलेले रोलर नव्या दोरीले कापतीन, म्हणून त्यांच्या जागी दोरी सरकायले गुळगुळीत गाईडही घ्या लागते. दोन्हीचे पैसे दादाच्या नाही, वहिनीच्याच खात्यात टाकतो. अठरा हजार.