माशांच्या टाकीत वाळू घालण्याबाबत

मी खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, धंदा कवळ्या बनवणे (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर मुलगा व सूनबाई यांना समाईक. मागच्या खिडकीची कडी बसवायला मुलाला सहा वर्षे सांगतो आहे. घर त्याचे झाल्यावर तरी बसवेल.

२. कवळ्यांचे साचे, कानशी व घासायचे यंत्र समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांनी माझ्या कामाला कधी नाव ठेवले नाही.

३. माशांची टाकी. खरे तर हिच्यासाठीच कागद काढला. चौदा वर्षांपूर्वी मी व पत्नीने ती मांडली. तळाची खडी मी आणली, टोकदार निघाली. तळाशी चरणाऱ्या मिशाळ माशांच्या मिशा झिजू लागल्या. पत्नी म्हणायची, "अहो, बारीक वाळू घाला ना. बिचाऱ्यांना तोंड खुपसता येत नाही." मी म्हणायचो, "टाकीची घडी बसलेली आहे, पुढच्या महिन्यात बघू." असे दहा वर्षे. मग ती गेली.

गेल्या वर्षी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो असता धाकट्या भावाने न धुतलेल्या वाळूची अख्खी बादली वरून ओतली, तीही फिल्टर चालू असताना. येऊन बघतो तर टाकीत नुसता चिखल. वर मलाच म्हणतो, "दादा, वहिनीची इच्छा होती ना!" चौदापैकी अकरा मासे मेले. सूनबाईने दोन दिवस वाळू उपसली, पाणी बदलले, म्हणून तीन वाचले. त्यांत मिशाळ एकच.

सबब टाकी सूनबाईला. भावाला काहीही नाही. "एका बादलीपायी, दादा?" हो, एका बादलीपायी. वाटणीत नसल्याने तो साक्षीदार म्हणून चालतो, असे वकील म्हणाले. म्हणून सहीला त्यालाच बोलावले आहे. वाचू दे नीट.

४. रीत अशी: वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. फिल्टर बंद करावा. आठवड्याला तळाच्या चौथ्या भागातलीच खडी काढावी, कारण पाणी चांगले ठेवणारे जिवाणू तिच्यातच असतात. तेवढ्या जागी रुंद नळी तळाला टेकवून वाळू हळूहळू सोडावी.

धुतलेली वाळू आठ महिने न्हाणीघरात पडून आहे. पाठ वाकत नाही असे सांगतो. खरे म्हणजे भीती वाटते. भावाने एक दिवस घाई केली, मी दहा वर्षे टाळले, आणि राग काढतो त्याच्यावर. हे लिहिताना कळते आहे, तरी राग जात नाही. काय करू?

५. कलम चार माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी अमलात आणावे. सूनबाईने नळी धरावी. वाळू भावाने सोडावी, चमच्याने. मी शेजारी खुर्चीत बसून दोघांवर ओरडेन.

स्थळ: राहते घर, टाकीसमोर
दिनांक: १९ सप्टेंबर २०२५
सही: (लिहून देणार)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही)
२. धाकटा भाऊ (सही). सगळे वाचले. दादा, रविवारी आठ वाजता येतो.