पोच न दिलेला अर्ज

सोमवार, २ फेब्रुवारी

आज बोईसरला पोलिसांच्या कार्यालयात अनुवादक म्हणून रुजू झाले. कार्यालय लहान आहे, पण खिडकीजवळची स्वतंत्र खोली मिळाली. सालवडला राहायची सोयही झाली. घरमालकीण सुगंधाताईंनी पहिल्याच दिवशी बोंबलाचं कालवण पाठवलं. काम मनासारखं: शांततेने जमण्याच्या हक्कावर आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयांनी दिलेले निकाल मराठीत आणायचे. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुस्तिका होणार आहे. सकाळी तासभर आलेले अर्जही घ्यायचे. हवेला सडक्या अंड्यांचा वास येतो. कारखान्यांचा आहे, सवय होते, असं कार्यालयातले म्हणाले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

डोंगराकडच्या पाड्यावरून पारू आणि तिचा नवरा जिवल्या आले होते. कारखान्याचं काळं पाणी त्यांच्या ओहोळात उतरतं. सोमवारी आमच्या फाटकासमोर बसणार, अशी सूचना. खाली बावीस अंगठे. ही माणसं सगळ्यांनाच एकेरीत बोलतात. "आमी नुसती बसू," पारू म्हणाली. "तुला तरास नाय." अर्ज घेतला. शिक्क्याची शाई वाळली होती. पोच उद्या देते म्हटलं. पाड्याहून इथवर तीन तास चालावं लागतं, हे नंतर कळलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बसले. बसायचं तर पायताण काढायचं, ही त्यांची रीत. चपला चार-चारच्या रांगेत लावल्या. वीस मिनिटांनी पोलिसांच्या लाठ्या चालल्या. सगळे अनवाणी पळाले. जिवल्या चपला गोळा करायला थांबला. त्याचं डोकं फुटलं. मी खिडकीतून पाहत होते. टेबलावर मी नुकतंच मराठीत उतरवलेलं वाक्य: पूर्वसूचना दिली नव्हती एवढ्याच कारणावरून शांत जमाव उधळता येत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

त्यांच्यावरच गुन्हा. सूचना न देता जमले म्हणून. सूचना माझ्या खणात आहे. हेडक्लार्क भगवंतभाऊंना दाखवली. बशीत चहा ओतत ते म्हणाले, पोच नाही म्हणजे अर्ज नाही. आणि मॅडम, तुम्ही कंत्राटी. चपलांचं पोतं मुद्देमाल म्हणून माझ्या खोलीत आणून टाकलंय. खालून काळा चिखल पाझरतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पारू आली. जिवल्या शुद्धीवर नाही, आणि शुद्धीवर आला तर अटक होईल.

"कागद तुजेच हाती दिला."

आठवत नाही म्हणाले. तिने माझ्याकडे नाही, पोत्याकडे पाहिलं. ती गेल्यावर अर्ज फाडून संडासात टाकला. तीनदा पाणी सोडलं. अंगठ्याचा एक तुकडा वर येत राहिला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळी पोतं रिकामं. चपला चार-चारच्या रांगेत, टोकं माझ्या टेबलाकडे. शिपायावर ओरडले. तो म्हणाला, किल्ली तुमच्याकडेच असते. डबा उघडला तर त्याच चिखलाचा वास. ओकले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

जिवल्या गेला.

पहिल्या रांगेत टायरच्या तळांचा जोड, तारेने बांधलेला. त्याचाच; अर्ज द्यायला आला तेव्हा पायात होता. हात लावला. आतून ऊब —

सगळ्या पोत्यात भरल्या. जेवून आले तर पुन्हा रांगा. टेबलाकडे हातभर पुढे सरकलेल्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी

मी चपला काढल्या नव्हत्या. पायात नाहीत. शेवटच्या रांगेत आहेत, चिखलाने भरलेल्या.

पायांवर काळे ठसे. अंगठ्यांचे. मोजले — बावीस. पुसले. पुन्हा —

दार त्यांच्या पलीकडे. कोणी ढकलत नाही. कोणी बोलत नाही. नुसते बसलेत. मीच लिहिलंय, एवढ्याच कारणावरून शांत जमाव उधळता